शेजारच्या कुत्र्यामुळे आमची कुत्री चुकून गाभण राहिली. खर्च आणि पिल्लांची जबाबदारी कोणाची?

पिल्ले कुत्रीच्या मालकाची ठरतात आणि त्यांच्या संगोपनाची पहिली जबाबदारीही त्याच्यावरच येते. नर कुत्र्याच्या मालकाला केवळ समागम झाला म्हणून निम्मा खर्च द्यायला लावणारी स्वतंत्र तरतूद भारतीय कायद्यात नाही. मादीचे पिल्लू मादीच्या मालकाचे, हे तत्त्व आपल्याकडे जुनेच आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 163 मध्ये सांभाळायला ठेवलेली गाय व्याली तर वासरूही मालकाला परत द्यावे, असे उदाहरण दिलेले आहे. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार ताब्यातील प्राण्याची काळजी घेणे हे पालकाचे कर्तव्य असून, उपासमार होईल अशा स्थितीत पिल्ले सोडून देणे हा गुन्हा आहे. मात्र शेजाऱ्याने वारंवार सूचना देऊनही कुत्रा मोकळा सोडला आणि तो तुमच्या बंद आवारात शिरला, तर त्याच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी भरपाई मागता येते. त्यासाठी सूचनांचा लेखी पुरावा आणि पशुवैद्यकाची बिले जपून ठेवावीत. तरीही माझ्या मते आधी शेजाऱ्याशी बसून बोलावे, कारण पिल्लांना चांगली घरे शोधण्याचे काम दोन कुटुंबांनी वाटून घेतले तरच नीट होते. कुत्रीची गर्भावस्था सुमारे 63 दिवसांचीच असते, म्हणून गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवण्यासाठी तिला लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. माणसांच्या गोळ्या तिला कदापि देऊ नयेत.