एकपडदा चित्रपटगृह चालवण्यात खरा फायदा कशात होता?

ऐंशीच्या दशकात हजार आसनांचे चित्रपटगृह चालवण्यात खरा फायदा कशात होता आणि नाशिकमधले बंद पडलेले असे एखादे चित्रपटगृह आज भाड्याने घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी त्या काळात याच शहरातल्या एका चित्रपटगृहाचा व्यवस्थापक होतो.

तिकिटाच्या पैशातून आधी करमणूक कर जाई, मग वितरकाची टक्केवारी किंवा ठरलेले भाडे. त्यामुळे कँटीन आणि सायकल स्टँडची रोकड मालकांना अधिक प्रिय असे. परंतु ही सगळी मिळकत पडद्यावरच्या उजेडावर अवलंबून असते, हे आमच्या एका भागीदारांना कधीच पटले नाही.

आमच्या प्रोजेक्टरचा उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या विजेच्या ज्योतीतून येई. कांड्या जळतात तसे त्यांच्यातले अंतर वाढते आणि ऑपरेटरला ते सतत सांभाळावे लागते. मिनिटाला 90 फूट या वेगाने दोन हजार फुटांचे रीळ सुमारे 22 मिनिटांत संपते. तेवढ्यात पुढचे रीळ लावलेला दुसरा प्रोजेक्टर पेटवून, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसताच चित्र त्याच्यावर घ्यायचे असते. एवढी जोखमीची कामगिरी करणाऱ्या माणसाला भागीदारांचा हुकूम होता, की उरलेली थोटकेही जोडून जाळावीत आणि करंट कमी ठेवावा.

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. निफाड, दिंडोरीकडची माणसे बाजार उरकून दुपारच्या खेळाला येत आणि पुढचा स्टॉल, म्हणजे पडद्याजवळची खालची आसने, त्यांच्यामुळेच भरे. अशाच एका बुधवारी, हाऊसफुल्लची पाटी बाहेर लागलेली असताना, रात्रीच्या लग्नाच्या दृश्यात पडदा इतका पिवळा पडला, की शिट्ट्यांपुढे मंगलाष्टके ऐकू येईनात. मध्यंतरात एक वयस्कर शेतकरी माझ्या केबिनमध्ये आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, नवरी कोणती ते तरी दिसू द्या." मी हे भागीदारांच्या कानावर घातले, तेव्हा लोक नटाला पाहायला येतात, उजेडाला नव्हे, असे सांगून त्यांनी कार्बनचे बिल माझ्यापुढे ठेवले. नट अंधारात कसा पाहायचा, याचे उत्तर त्या बिलात नव्हते.

पुढे गर्दी ओसरली तेव्हा दोष दूरदर्शनला आणि व्हिडिओला देण्यात आला. माझे मत स्पष्ट आहे: व्हिडिओने बाल्कनीतली कुटुंबे नेली, स्टॉलचे प्रेक्षक मात्र आम्हीच अंधूक पडदा आणि घाणेरड्या मुताऱ्या देऊन घालवले. अर्थात कराचा बोजा मोठा होता आणि भर वस्तीतल्या जागेची किंमत चित्रपटाच्या उत्पन्नाला कधीच मागे टाकून गेली होती, हेही खरे. केवळ उजेड चांगला ठेवून सगळी चित्रपटगृहे वाचली असती, असा माझा दावा नाही.

भाड्याने घ्यायचेच असेल, तर हिशेबाच्या वह्यांआधी प्रोजेक्शन केबिन पाहा. आता कार्बन नाही, पण त्याच्या जागी आलेला झेनॉन वायूचा दिवा असेल तर तो ठरलेल्या तासांपलीकडे जाळण्याचा मोह तोच आहे, आणि असा दिवा मंद तर होतोच, प्रसंगी फुटतोही. दिवा वेळेवर बदलण्याचा खर्च करारात स्वतंत्र कलमाने लिहून घ्या, आणि त्या कलमावर पहिली हरकत घेणाऱ्याला भागीदार करू नका, मग तो सख्खा मेहुणा का असेना.