सात पानांतली पाच : टेक्सास होल्डेम शिकणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : रमी, ब्रिज येते, पोकर मात्र कधी खेळलेलो नाही. होल्डेमचा एक डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा चालतो?

जोकर काढून टाकलेला 52 पानांचा एक कॅट पुरतो. प्रत्येकाला दोन पाने उपडी मिळतात, ती फक्त त्याची. टेबलाच्या मध्यभागी टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडी मांडतात, ती सगळ्यांची. या सात पानांतून ज्याची पाच पानांची जुळणी सर्वांत वरची, तो मधला ढीग, म्हणजे पॉट, उचलतो. नाहीतर बाकीचे सगळे आधीच पाने टाकून मोकळे होतात आणि उरलेला एकटा आपली पाने न दाखवताच पॉट घेतो. असे बरेचदा होते.

वाटणाऱ्याच्या जागेपुढे ‘बटन’ नावाची खूण ठेवतात. दर डावानंतर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक जागा सरकते. बटनाच्या डावीकडचा पहिला खेळाडू स्मॉल ब्लाइंड आणि दुसरा बिग ब्लाइंड, समजा 5 आणि 10 चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या), पाने बघण्याआधीच लावतो. ही सक्ती नसती तर पॉटमध्ये जिंकण्यासारखे काही नसते आणि जो तो एक्क्यांच्या जोडीची वाट बघत बसला असता.

स्मॉल ब्लाइंडपासून सुरू करून एकेक पान असे दोन फेऱ्यांत वाटतात. मग पहिली बोली बिग ब्लाइंडच्या डावीकडून सुरू होते. त्या खेळाडूने पाने टाकावीत (फोल्ड), 10 भरावेत (कॉल) किंवा वाढवावे (रेझ). या फेरीत त्याला ‘चेक’ म्हणून, म्हणजे काहीच न लावता, पुढे जाता येत नाही, कारण बिग ब्लाइंडचे 10 ही बोलीच आहे. स्मॉल ब्लाइंडचे 5 आधीच आत असतात, म्हणून त्याला आणखी 5 भरून कॉल करता येतो. कोणीच वाढवले नाही, तरी बिग ब्लाइंडला शेवटी रेझ करण्याचा हक्क असतो. नवशिक्यांच्या टेबलावर हा हक्क हमखास विसरला जातो आणि वाटणारा घाईने पुढची पाने उघडतो.

यानंतर वरचे एक पान बाजूला टाकून तीन पाने एकदम उघडतात, तो फ्लॉप. मग बोली. पुन्हा एक पान बाजूला, चौथे उघडे, तो टर्न, बोली. पुन्हा तसेच, पाचवे पान रिव्हर, शेवटची बोली. फ्लॉपपासून पुढे दर वेळी बटनाच्या डावीकडे जो पहिला खेळाडू डावात उरला असेल, त्याच्यापासून सुरुवात होते. त्यामुळे बटनवरचा सर्वांत शेवटी बोलतो. इतरांनी काय केले ते त्याला आधी कळलेले असते. टेबलावरची सर्वांत चांगली जागा हीच.

प्रश्न : दर वेळी एक पान फुकट का घालवायचे?

बोली चालू असताना कॅटच्या वरच्या पानाची पाठ सगळ्यांसमोर असते. त्यावर डाग, घडी किंवा मुद्दाम केलेली खूण असेल, तर पुढचे पान कोणते हे एखाद्याला आधीच कळू शकते. ते पान उपडेच बाजूला गेले की त्या माहितीचा उपयोग राहत नाही. टाकलेली पाने शेवटीसुद्धा उलटून बघू नयेत.

प्रश्न : फ्लश मोठा की स्ट्रेट? आमच्याकडे दर डावाला वाद.

फ्लश मोठा. वरून खाली क्रम असा : स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी, ओळीने पाच पाने, दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या ओळीला रॉयल फ्लश म्हणतात), एकाच दर्जाची चार पाने, फुल हाउस (तीन अधिक दोन), फ्लश (एकाच रंगाची पाच), स्ट्रेट (ओळीने पाच, रंग कोणतेही), एकाच दर्जाची तीन, दोन जोड्या, एक जोडी आणि काहीच जुळले नाही तर सर्वांत मोठे पान.

वाद होतो तो तीन पानांच्या खेळांच्या सवयीमुळे. तिथे ओळ रंगाच्या वर असते आणि ते बरोबरच आहे. तीन पानांच्या 22,100 जुळण्यांत निव्वळ ओळी 720, तर निव्वळ रंग 1,096. पाच पानांवर गेले की चित्र उलटते : 25,98,960 जुळण्यांत ओळी 10,200 आणि रंग 5,108. जे दुर्मीळ, ते वर.

एक्का ओळीच्या दोन्ही टोकांना चालतो : एक्का-2-3-4-5 आणि 10-गुलाम-राणी-राजा-एक्का. राणी-राजा-एक्का-2-3 ही मात्र ओळ नव्हे. आणि इस्पिक-बदाम यांत लहानमोठे काही नाही. ‘माझा एक्का इस्पिकचा’ म्हणून कोणी पॉट मागितला तर देऊ नका.

प्रश्न : दोघांकडेही एक्क्याची जोडी झाली. जिंकले कोण?

इथे बहुतेकांचे चुकते, कारण ते फक्त हातातली दोन पाने ताडून बघतात. ताडायची असतात पाच. समजा मध्ये एक्का, राजा, नव्वी, सत्ती, तिर्री आहेत आणि कोणत्याही रंगाची तीन पाने नाहीत. पहिल्याच्या हातात एक्का-राणी, दुसऱ्याच्या हातात एक्का-अठ्ठी. पहिल्याची पाच : एक्का, एक्का, राजा, राणी, नव्वी. दुसऱ्याची : एक्का, एक्का, राजा, नव्वी, अठ्ठी. राणीमुळे पहिला जिंकला. जोडीसोबतच्या या पानांना किकर म्हणतात.

आता हातात एक्का-छक्की आणि एक्का-पंजी आहे असे धरा. दोघांचीही सर्वोत्तम पाच पाने एक्का, एक्का, राजा, नव्वी, सत्ती. छक्की पंजीपेक्षा मोठी असली तरी पाचांत येतच नाही, त्यामुळे पॉट निम्मा-निम्मा. विषम चिप उरली तर ती बटनाच्या डावीकडून आधी येणाऱ्याला.

याहून जिव्हारी लागणारा प्रकार : तुमच्या हातात पंज्यांची जोडी, आणि मध्ये राजा, राजा, नव्वी, नव्वी, एक्का. तुमच्याकडे तीन जोड्या झाल्या, पण मोजल्या जातात दोनच. राजे, नव्व्या आणि एक्का ही पाच पाने समोरच्यालाही मिळतात. तुमची जोडी कुचकामी ठरते आणि त्याने राणी-गुलाम घेऊनही अर्धा पॉट नेला. हातातले एकही पान न वापरणे होल्डेममध्ये नियमात बसते.

शंका असेल तर पाने उघडी टेबलावर ठेवा. तोंडाने काय म्हटले यापेक्षा पाने काय दाखवतात ते धरले जाते. ‘हरलो’ म्हणत पाने ढिगात सरकवली, की मात्र ती सहसा परत मिळत नाहीत.

प्रश्न : ब्लाइंड 10 असताना एकाने 30 केले. मी 40 म्हटले तर हरकत घेतली.

हरकत योग्य होती. आधीची वाढ जेवढी, किमान तेवढीच वाढ पुढच्याने करायची. 10 चे 30 म्हणजे वाढ 20. म्हणून तुमचे किमान 50. हा नो-लिमिट प्रकाराचा नियम आहे. वरची मर्यादा तुमच्यासमोर असतील तेवढ्या चिप्स.

रेझ करताना आधी आकडा बोला, मग चिप्स सरकवा. आधी कॉलपुरत्या चिप्स टाकून, समोरच्याचा चेहरा बघून आणखी टाकल्या, तर त्या धरल्या जात नाहीत. तसेच 10 ची बोली असताना न बोलता 100 ची एकच चिप टाकली, तर तो रेझ नसून कॉल. 90 परत मिळतात.

प्रश्न : एकाच्या चिप्स संपल्या तर त्याने पाने टाकायची का?

मुळीच नाही. आहेत तेवढ्या सगळ्या लावून तो ‘ऑल-इन’ होतो आणि शेवटपर्यंत डावात राहतो. फक्त प्रत्येकाकडून तो स्वतःच्या रकमेइतकेच जिंकू शकतो. उदाहरणार्थ, तिघांनी आपापल्या सगळ्या, म्हणजे 100, 250 आणि 400 लावल्या. तिघांचे 100-100 मिळून मुख्य पॉट 300. उरलेल्या दोघांचे 150-150 मिळून साइड पॉट 300. त्यावर पहिल्याचा हक्क नाही. शिल्लक 150 ला तोडीस तोड कोणी लावले नाही, म्हणून ते ज्याचे त्याला परत. हे ढीग त्याच वेळी वेगळे करा, डाव संपल्यावर आठवून हिशोब लागत नाही. निकाल आधी साइड पॉटचा, मग मुख्य पॉटचा.

प्रश्न : दोघेच खेळत असतील तर ब्लाइंड कोणाचे?

बटनवाल्याचा स्मॉल ब्लाइंड. फ्लॉपआधी तो पहिला बोलतो, नंतरच्या तिन्ही फेऱ्यांत शेवटी.

प्रश्न : ओमाहा म्हणजे चार पाने घेऊन खेळलेला होल्डेमच ना?

वाटप आणि बोलीचे टप्पे तसेच, पण ओमाहात हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन पाने घ्यावीच लागतात. मध्ये बदामची चार पाने असतील आणि तुमच्या हातात बदामचा फक्त एक्का, तर होल्डेममध्ये तुमचा फ्लश झाला असता. ओमाहात होत नाही. त्यासाठी हातात बदामची दोन पाने हवीत.