मेरेवरचा हिरवा तुडतुडा : नाव कसं ठरवायचं आणि मेरेवर फवारणी का नको

बाय, तुझे तिन्ही फोटो मोठे करून नीट बघितले. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो : गोव्यात डिचोलीकडच्या घरी नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री) बाल्कनीतल्या ट्यूबलाइटवर शेकडो हिरवे उडे किडे आले, दुसऱ्या दिवशी तसलेच शेताच्या मेरेवरच्या (बांधावरच्या) गवतात मिळाले, आणि औषधाच्या दुकानात सांगितलं की वायंगण (उन्हाळी भात) लावायच्या आधी मेर फवारून घ्या, नाहीतर भात पिवळं पडून जाणार. म्हणजे किडा कुठला आणि फवारायचं का, असे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर, दुसऱ्या फोटोतला किडा नेफोटेटिक्स निग्रोपिक्टसचा नर दिसतोय. आपल्याकडे सगळ्यालाच हिरवा तुडतुडा म्हणतात आणि तिथेच घोळ होतो, कारण भातात त्याचा सख्खा भाऊ असतो, नेफोटेटिक्स व्हायरेसन्स, आणि दोघं इतके सारखे की हातात घेऊन सुद्धा पटकन कळत नाही. दोघंही चार ते साडेपाच मिलिमीटर, पोपटी हिरवे, नराच्या पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, मादीची फिकट तपकिरी.

फरक डोक्यावर बघायचा. वरून फोटो घेतला की दोन डोळ्यांच्या मधे, डोक्याच्या पुढच्या कडेला लागून एक काळी आडवी पट्टी दिसते का बघ, तुझ्या फोटोत ती स्पष्ट आहे, आणि मानेमागच्या ढालीची पुढची कडही काळी आहे. व्हायरेसन्सच्या डोक्यावर ही पट्टी नसते, डोकं नुसतं हिरवं. दुसरी खूण पंखावरचा काळा ठिपका. निग्रोपिक्टसमधे तो आत पसरून पंखाच्या आतल्या शिवणीला टेकतो, व्हायरेसन्समधे अलीकडेच थांबतो, कधी कधी ठिपकाच नसतो. ठिपक्यावर एकट्यावर विसंबू नको, मादीत तो बऱ्याचदा पुसट किंवा नसतोच, डोक्यावरची पट्टी जास्त भरवशाची. तरी शंभर टक्के मी म्हणणार नाही, कारण मलायानस नावाची अजून एक जात आहे, तिच्याही डोक्यावर पट्टी असते आणि तिला पाणथळ जागेतलं लीर्सिया गवत फार आवडतं. तिथे शेवटचा निकाल नराच्या जननेंद्रियावरच्या काट्यांवरून लागतो, ते काम मायक्रोस्कोपखाली करायचं. एम. एस. के. घौरी यांनी १९७१ मधे या अख्ख्या वंशाची फेरमांडणी केली तेव्हापासून हाच रिवाज आहे. जुन्या शेतीच्या पुस्तकांत निग्रोपिक्टसला एपिकॅलिस आणि व्हायरेसन्सला इम्पिक्टिसेप्स किंवा बायपंक्टेटस लिहिलेलं सापडेल, नावं बघून गोंधळू नको, किडे तेच.

तिसऱ्या फोटोतला पांढरा मात्र वेगळा आहे. तो कोफाना स्पेक्ट्रा, पांढरा तुडतुडा, आकाराने जवळजवळ दुप्पट आणि डोक्यावर काळे ठिपके. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळीतून रस ओढतो, त्या रसात जेमतेम अन्न असतं म्हणून दिवसभर पितो आणि मागून स्वच्छ पाण्याचे थेंब उडवत बसतो, सकाळी उन्हाच्या विरुद्ध बाजूने गवताकडे बघितलंस तर हे थेंब चमकताना दिसतील. हिरवे बहुतेक करून गोड रसाच्या नळीतून पितात म्हणून त्यांची विष्ठा चिकट. मानकुरादाच्या मोहोराखाली पानं चिकट होऊन काळी पडतात ना, तिथले आंब्याचे तुडतुडेही याच कुळातले.

आणि हे सगळे तुडतुडेच ना, ही खात्री कशी करायची? मागचा पाय बघ. नडगीवर करवतीच्या दातांसारख्या काट्यांच्या ओळी असतात. भात जाळणारा जो तपकिरी तुडतुडा, तो खरं तर दुसऱ्या कुळातला, त्याच्या मागच्या नडगीच्या टोकाला एकच मोठा हलणारा काटा असतो. दहापट मोठं दिसणारं भिंग दीड-दोनशे रुपयांत मिळतं, घेऊन ठेव. किडा छोट्या बाटलीत घालून पाच मिनिटं फ्रीजमधे ठेवलास की गारठून गप्प बसतो, मग हवा तसा बघ आणि परत सोडून दे.

मेरेवर बसून बघशील तर अजून मजा आहे. गवताच्या पात्याजवळ बोट नेलं की तो लगेच उडत नाही, आधी खेकड्यासारखा आडवा सरकत पात्याच्या मागच्या बाजूला जातो, बोट मागे नेलं की परत पुढे येतो. माझ्या मेरेवर एकदा नुकतीच कात टाकलेला एक बघितला, अर्धा तास हललो नाही. मागच्या पायांनी तो पोटापासून पंखांपर्यंत काहीतरी पुसत होता, तेल चोळल्यासारखं, आधी ओलसर चमक होती ती वाळून पंख निस्तेज होत गेले. हे ब्रोकोसोम नावाचे प्रथिनाचे कण, त्याच्या उत्सर्जनाच्या नळ्यांत तयार होतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान आणि फुटबॉलसारखे जाळीदार. त्यामुळे पाणी आणि स्वतःचाच चिकट मळ अंगाला लागत नाही. आपल्या पावसात एवढासा किडा पानावर टिकतो त्यात याचा वाटा मोठा असणार असं मला वाटतं.

बोलतात पण. आपल्याला ऐकू येत नाही कारण आवाज हवेतून जात नाही, पोटाच्या बुडाशी थरथरणारा पडदा असतो, ती थरथर पायांतून देठात उतरते आणि दुसऱ्या पानावरच्या मादीला पायांतूनच कळते. स्वीडनच्या ओसियान्निल्सन यांनी १९४९ मधे या लहान किड्यांच्या अशा गाण्यांवर मोठं काम प्रसिद्ध केलं. म्हणजे आपली मेर शांत दिसते ती फक्त आपल्याला.

मादी अंडी पात्याच्या देठाकडच्या आवरणाच्या आत, चिरा पाडून ओळीने घालते. आठवड्याच्या आसपास पिल्लं बाहेर पडतात, पाच वेळा कात टाकतात, दोन-तीन आठवड्यांत पंख फुटतात. सरदाचं (पावसाळी) भात पिकून वाळायला लागलं की रस संपतो, मोठे झालेले सगळे एकदम उठतात आणि संध्याकाळी दिव्यांवर जमा होतात. बंगालमधे याच सुमाराला कालीपूजेला दिव्यांवर येतात ते हेच, त्यांना तिथे श्यामापोका म्हणतात. म्हणजे तुझ्या बाल्कनीत नवीन संकट काही आलेलं नाही, कापणीचा हंगाम आहे एवढंच.

आता फवारणी. भीती कशाची आहे ते नीट सांगतो, ती खोटी नाही. भाताचा टुंग्रो रोग दोन विषाणूंचा मिळून होतो. तो तुडतुड्यातून पसरतो हे फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६५ च्या सुमाराला दाखवलं गेलं. पण तो पसरवण्यात खरा पटाईत व्हायरेसन्स, जो भातावरच राहतो. निग्रोपिक्टस हे काम करू शकतो पण फार कमी प्रमाणात, आणि त्याला मेरेवरचं ओलसर गवत, सावा जातीचं तण जास्त प्रिय. तुझ्या फोटोत व्हायरेसन्स एकही नाही.

दुसरं म्हणजे ती मेर फक्त त्याचं घर नाही. मातीलगत लांडगा कोळी पळतो, पोटाला अंड्यांची पांढरी गोळी चिकटवलेली मादी हमखास दिसेल. सिर्टोऱ्हिनस नावाचा एक हिरवट ढेकूण तुडतुड्यांची अंडी शोधून सोंडेने पिऊन टाकतो. त्या अंड्यांतच अंडी घालणाऱ्या मायमॅरिड गांधीलमाश्या एवढ्या बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. मोठ्या डोळ्यांची पिपंक्युलिड माशी तुडतुडा पकडून त्याच्यात अंडं सोडते, अळी पोटात वाढते. एखाद्या तुडतुड्याच्या पोटाच्या बाजूला काळी पिशवी लटकलेली दिसली तर ती ड्रायनिड गांधीलमाशीची अळी, तो तुडतुडा आता थोड्या दिवसांचा सोबती.

मी हे अनुभवाने सांगतोय. दहाएक वर्षांपूर्वी सत्तरीतल्या आमच्या शेतात मी असाच सल्ला ऐकून वायंगणाच्या वेळी मेर आणि तिच्या बाजूच्या दोन ओळी पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकाने फवारल्या. आठ दिवस सगळं स्वच्छ दिसलं, कोळ्याचं एक जाळंसुद्धा नाही. भात पोटरीला आलं आणि नेमकं त्याच बाजूने गोल गोल जळके चट्टे पडायला लागले, बुंध्याशी तपकिरी तुडतुडे मुंगीसारखे. अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित असतात, फवारा तिथे पोचत नाही, मरतात ते खाणारे. त्या वर्षी त्या बाजूचं पीक गेलं आणि मला अजून ते चट्टे आठवतात.

म्हणून मेर फवारू नको, जाळूही नको. गवत फार वाढलं असेल तर वीतभर ठेवून काप आणि एका दिवसात सगळं कापू नको, एक बाजू आज, दुसरी पंधरा दिवसांनी. रोप लावल्यावर आठवड्यातून एकदा सकाळी दहा-बारा चुडांच्या बुंध्याशी हाताने दोन थापा मार आणि पाण्यावर काय पडतं ते मोज, तुडतुडे किती आणि कोळी किती. डोक्यावर पट्टी नसलेले हिरवे जास्त दिसायला लागले आणि सोबत पानं टोकाकडून पिवळी-नारिंगी व्हायला लागली तर त्याच दिवशी ओल्ड गोव्याला आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संशोधन केंद्रात रोप दाखवायला ने, अंदाजाने काही मारू नको.

आणि बाय, मेरेवरच्या चार-पाच नरांचे डोक्याचे वरून फोटो टाक, पांढऱ्या कागदावर ठेवून, उन्हात नको, सावलीत घे म्हणजे पट्टी नीट येते. त्यात लीर्सियावरचा कुठला आणि साव्यावरचा कुठला ते लिही, मलायानस आहे का ते मला बघायचंय.