लिटल इंडियाजवळ घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंगापूरची नोकरी पक्की झाली आहे, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत येणार आहेत, आणि मुलीची आपल्या संस्कृतीशी नाळ तुटू नये म्हणून लिटल इंडियाच्या आसपास घर भाड्याने घ्यावं असं मनात आहे; शिवाय इथे एकटं वाटेल का, असंही विचारलं आहे. पासचे (म्हणजे इथे राहण्या-काम करण्याच्या परवान्यांचे) प्रकार, पगाराच्या अटी वगैरे सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेलं आहे, ते तिथेच वाचा. घराबद्दल मात्र लिहिते, कारण हाच हिशेब इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस मांडतो आणि माझाही अजून पुरता सुटलेला नाही.

सिंगापूरचे भारतीय लिटल इंडियात राहत नाहीत. 1989 पासून सरकारी घरांच्या प्रत्येक वसाहतीत आणि प्रत्येक इमारतीत कुठल्या वंशाची किती कुटुंबं असावीत याची मर्यादा ठरलेली आहे. त्यामुळे रहिवाशांमधले जेमतेम 9 टक्के भारतीय पुंगोल, सेंगकांग, टॅम्पिनीस, वुडलँड्स असे बेटभर विखुरलेत. त्याच 1989 मध्ये लिटल इंडियाच्या जुन्या दुकान-घरांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं. एकीकडे माणसं पांगवली, दुसरीकडे दुकानं जपली. उरला तो बाजार, देवळं आणि रविवार.

आणि ते 'आपलं' म्हणाल, तर त्यातही मेख आहे. हा भाग वाढला तो गुरांच्या बाजारामुळे. रोचोर नदीचं पाणी, चराईची कुरणं, शेजारी 1840च्या दशकातलं घोडदौडीचं मैदान. बफेलो रोड आणि कर्बाव रोड (कर्बाव म्हणजे मलय भाषेत म्हैस) ही नावं तिथलीच. बेलिलिओस रोड कलकत्त्याहून आलेल्या एका ज्यू गुरे-व्यापाऱ्याचा. गुरांमागोमाग तमिळ मजूर आले आणि त्यांच्यामागोमाग देवळं: पेरुमाळचं (विष्णूचं) 1855चं, वीरमाकालीअम्मनचं 1881चं. थैपुसम या तमिळ सणाला पाठीत आकडे टोचून कावडी निघते ती याच पेरुमाळच्या देवळातून, टँक रोडच्या मुरुगनाच्या देवळापर्यंत. डनलॉप स्ट्रीटवर अब्दुल गफूर मशीद आहे. कर्बाव रोडवरचं ते रंगीबेरंगी घर, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात, ते टॅन तेंग निआ या चिनी व्यापाऱ्याचं, 1900चं. म्हणजे ही वस्ती कधीच नुसती भारतीय नव्हती, आणि जी भारतीय होती ती तमिळ. तिथे आपण पाहुणे. पोटभर जेवणारे, पण पाहुणेच.

हे दिवाळीत पटकन कळतं. सरकारी सुट्टी एकच, दीपावलीची, आणि तमिळ पद्धतीप्रमाणे ती बहुधा नरक चतुर्दशीला येते. 2024 मध्ये ती 31 ऑक्टोबरला होती; आपलं लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिस सुटल्यावर. अभ्यंगस्नान निवांत होतं, पूजा धावपळीत. सेरंगून रोडवर दिव्यांची आरास आठवडेच्या आठवडे असते, तेव्हा मुलीला जरूर न्या, पण आकाशकंदील घरून आणा.

फराळाचं सामान टेक्का मार्केटात आणि मुस्तफा या मोठ्या दुकानात मिळतं: ज्वारीचं पीठ, पोहे, गूळ, कढीलिंब, मेथी. टेक्काच्या तळमजल्यावर मासळी आणि मटण उत्तम. सुरमईला तिथे बटांग म्हणतात. एक गोष्ट मात्र बॅगेत अजिबात नको: खसखस. अफूच्या बोंडातून येते म्हणून इथे ती अंमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. आई-सासूबाई डबे भरतील तेव्हा हे आधी सांगा, कारण घरच्या गोड्या मसाल्यात ती अनेकदा असते आणि अनारशांवरही. चघळायच्या तंबाखूवर आणि गुटख्यावरही बंदी आहे.

आता रविवार. त्या दिवशी बांधकाम आणि जहाजबांधणीतले तमिळ आणि बांगलादेशी कामगार तिथे येतात. आठवड्याची एकच सुट्टी, घरी पैसे पाठवायचे, गाववाल्यांना भेटायचं. 8 डिसेंबर 2013 रोजी रेसकोर्स रोडवर एका तमिळ कामगाराचा बसखाली मृत्यू झाला आणि दंगल उसळली. त्यानंतर कायदा कडक झाला: या भागात शनिवारी सकाळी 7 ते सोमवारी सकाळी 7 सार्वजनिक जागी दारू पिता येत नाही. नवीन आलेल्याला आम्ही काय सांगतो? "रविवारी तिकडे जाऊ नका, फार गर्दी असते." गर्दी असते हे खरं. पण वाक्याचा रोख गर्दीवर नसतो, माणसांवर असतो, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. ज्यांच्या घामावर ती वस्ती उभी आहे त्यांना टाळून आपण तिथे संस्कृती शोधायला जातो. मुलीला न्यायचंच तर एखाद्या रविवारीही न्या.

घर घेताना नॉर्थ-ईस्ट किंवा डाउनटाउन मेट्रोमार्गावर बघा. लिटल इंडिया स्टेशन दोन्हींवर आहे, म्हणजे भाजीला जाणं सोपं. जाहिरातीत 'लाइट कुकिंग' दिसलं की समजा, फोडणी नको आहे. तोंडी 'चालेल' म्हटलेलं पुढे चालत नाही, रोजचा स्वयंपाक करणार हे करारात लिहून घ्या. दोन वर्षांचा करार असेल तर डिप्लोमॅटिक क्लॉज मागा: नोकरी गेली आणि देश सोडावा लागला तर साधारणपणे वर्षानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटता येतं. सरकारी फ्लॅट पूर्ण भाड्याने घेताना परदेशी भाडेकरूंचा कोटा त्या इमारतीत भरलेला नाही ना, हे टोकन देण्याआधी तपासा.

शाळेचं लिहायला बसले की माझी लेखणी वाकडी चालते, तरी लिहिते. सरकारी शाळेत मातृभाषा हा सक्तीचा विषय आहे आणि सहावीच्या पीएसएलई परीक्षेतल्या चार विषयांपैकी तो एक. भारतीय मुलांना तमिळ, किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एक घेता येते. मराठी नाही. मग आपली मुलं हिंदी घेतात, अनेकदा शनिवारी दुसऱ्याच केंद्रावर जाऊन शिकतात, आणि प्रगतिपुस्तकात 'मातृभाषा' या रकान्यापुढे हिंदी येतं. गुजराती शेजाऱ्याची सोय आहे, आपली नाही, याचं शल्य मला अजून आहे. महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव होतो. पण परीक्षेला नसलेली भाषा मूल आईबापाखातर किती दिवस वाचणार? मराठी टिकवायची तर ती घरातच, आणि त्यासाठी पत्ता कुठला हे गौण आहे. परदेशी मुलांना प्रवेशासाठी दुसरीपासून एईआयएस ही इंग्रजी-गणिताची परीक्षा असते, शाळा जानेवारीत सुरू होते, आणि पास झालं तरी जागा मिळेलच असं नाही. त्यामुळे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेची फी आधीच हिशेबात धरा.

कागदांपैकी सगळ्यात जास्त छळतं ते लसीकरणाचं कार्ड. सिंगापूरबाहेर जन्मलेल्या लहान मुलांच्या डिपेंडंट पासच्या (नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या पासच्या) अर्जाआधी घटसर्प आणि गोवराच्या लसींची नोंद तपासून घ्यावी लागते. आपल्याकडच्या कार्डावर तारखा पेनाने खरडलेल्या, शिक्का अर्धा पुसलेला. डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र घ्या: प्रत्येक डोस, तारीख, सही, शिक्का, आणि मुलीचं नाव पासपोर्टावर आहे तस्संच. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी असेल तर महापालिकेत आत्ताच नाव घालून घ्या; इथून ते काम करताना जीव जातो.

एकटेपणाचं विचारलंत. पहिलं वर्ष जड जातं, मग जमतं. तुम्हाला ऑफिस असेल. पत्नीला मात्र मे 2021 पासून डिपेंडंट पासवर नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो, आणि तो मिळवणं कठीण आहे. तिच्या कामाचं काय, हे घर शोधण्याआधी दोघं बसून बोला. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींशी हे कुणी बोललंच नाही.