अमेरिकन आर्मीत सही झाली, पण बेसिक ट्रेनिंगला अजून चार महिने आहेत. तोवर मुलाला लष्कराचा आरोग्य विमा मिळतो का?

नाही, या चार महिन्यांत ट्रायकेअर, म्हणजे लष्कराचा आरोग्य विमा, मिळत नाही. सही केली की मुलगा ‘डिलेड एन्ट्री प्रोग्रॅम’मध्ये जातो, कागदावर तो राखीव दलात असतो, पण पगारही नाही आणि विमाही नाही. निघायच्या दिवशी मेप्स या लष्करी भरती केंद्रात दुसऱ्यांदा शपथ होते, तिथून सक्रिय सेवा सुरू होते आणि ट्रायकेअरही, तेही हप्त्याशिवाय. पहिल्या शपथेचा फोटो सगळे स्टेटसला टाकतात, कामाची असते ती दुसरी! म्हणून त्याला तुमच्या पॉलिसीतून आत्ताच काढू नका. वयाची २६ वर्षं होईपर्यंत तो त्यात राहू शकतो. तुमची पॉलिसी नसेल तर उत्पन्नानुसार मेडिकेड (कमी उत्पन्न असणाऱ्यांचा सरकारी विमा) किंवा मार्केटप्लेसचा (विमा विकत घ्यायच्या सरकारी व्यवस्थेतला) प्लॅन बघा. जाण्याची तारीख पुढे ढकलली जाऊ शकते, त्यामुळे जुना विमा तो प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच बंद करा. मधल्या काळात हात मोडला, नवं औषध सुरू झालं, तर रिक्रूटरला कळवावंच लागतं. मात्र भरती पूर्णवेळ आर्मीऐवजी नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्ह या अर्धवेळ सेवेच्या दलांत असेल तर हप्ता भरून घ्यायची ‘ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट’ योजना असते. त्याची पात्रता युनिटमध्येच विचारा.