बोन चायना ओतायला लागलीस तर

दांडिया बाजारातल्या घरात बोन चायना ओतायचं म्हणतेस, जरूर ओत. फक्त तयार स्लिप (साच्यात ओतायची पातळ माती) विकत घे, स्वतःचं मिश्रण पहिलं वर्षभर नको. या मातीत जवळपास निम्मी हाडांची राख असते. तिच्यामुळेच भांड्यातून उजेड दिसतो, पण माती लवचीक राहत नाही. म्हणून सुरुवात लहान, उभ्या कपाने कर. बशी भट्टीत हमखास वाकते.

नवशिक्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते साच्यात. साचा प्लास्टरचा असतो, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात प्लास्टर वाळता वाळत नाही. साचा गालाला लाव; गार लागला तर ओला आहे, थांब. ओव्हनमध्ये ५० अंशांच्या वर तापवलास तर प्लास्टर भुसभुशीत होतं.

बाकी एवढं सांभाळ:
- स्लिप गाळून, एकाच संथ धारेने ओत. मध्ये थांबलीस तर रेघ उमटते.
- घट्ट वाटली म्हणून पाणी घालू नकोस.
- भिंत २-३ मिलिमीटर झाली की उरलेली ओतून टाक. काही मिनिटांतच होते, जवळच उभी राहा.
- काठाला धरून उचलू नकोस. कच्चेपणी दबलेला काठ सरळ केलास तरी भट्टीत पुन्हा वाकतो.

पहिली भाजणी सुमारे १२३० अंशांची, ग्लेझची (वरच्या काचेसारख्या थराची) त्याहून कमी. भाजलेलं अंग पाणी शोषत नाही, म्हणून ग्लेझ लावण्याआधी भांडं कोमट कर.

सजावटीला आधी डिकॅल (भांड्यावर चिकटवायचं छापील चित्र) घे. चिकटवल्यावर रबराने त्याखालचं पाणी मधून कडेला काढ, बुडबुडा राहिला तर तिथे चित्र फाटतं. सोनं नंतर शिकवीन.