भूगोल घेऊ दे तिला, पण हातात नकाशा देऊन

नमस्कार ताई,

तुमचं डिचोलीहून आलेलं पत्र वाचलं. मुलगी बारावी आर्ट्सला आहे, ह्युमन जिओग्राफीतला संस्कृती आणि भाषेचा भाग तिला मनापासून आवडतो पण डिफ्युजनचे (म्हणजे संस्कृती एका जागेहून दुसरीकडे पसरण्याचे) प्रकार, कल्चरल लँडस्केप वगैरे व्याख्या पेपरात आठवत नाहीत आणि मार्क जातात, तरी बीए भूगोलच करायचं म्हणते. आणि मिस्टरांचं म्हणणं की त्यात फार तर मास्तरकी मिळेल. बरोबर ना?

आधी व्याख्यांचं बघूया, कारण मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. गाईडमधली उदाहरणं अमेरिकेची नाहीतर युरोपची असतात, ती आपल्या मुलांच्या डोक्यात कशी बसणार? तिला एक रविवार फोंड्याला घेऊन जा. मंगेशी मूळचं कुठ्ठाळीचं, शांतादुर्गा केळशीची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोक मूर्ती घेऊन झुआरी ओलांडून आदिलशाहीच्या मुलखात आले, देव प्रियोळला आणि कवळ्याला बसले. माणसं हलली आणि त्यांच्याबरोबर श्रद्धा, पूजा, भाषा सगळं हललं, यालाच रिलोकेशन डिफ्युजन म्हणतात. तिथे उभी राहून दीपस्तंभ, तळी, अग्रशाळा (देवळाची धर्मशाळा) बघितली की तिला विसरता येणार नाही. मग तिथूनच जुन्या गोव्याला जा, तिथली चर्चेस बघा. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख, आणि फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे नव्या, अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे आलेल्या. एवढ्याशा गोव्यात गावाचा चेहरा असा बदलतो तो या इतिहासाने. माणूस जमिनीवर आपली खूण सोडतो ती वाचायची, हेच कल्चरल लँडस्केप, आणि ही कल्पना कार्ल सॉअर या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने 1925 साली मांडली, हे नाव आणि साल उत्तरात लिहायला सांगा, तपासणाऱ्याला बरं वाटतं.

भाषेसाठी तर घरातच लॅब आहे! घरात कोकणी, भजनात आणि वर्तमानपत्रात मराठी, चर्चमधे रोमी लिपीतली कोकणी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्लिश. एकच माणूस दिवसभरात जागा बदलली की भाषा बदलतो आणि भूगोलवाले नेमकं हेच विचारतात, कुठली भाषा कुठे आणि कशासाठी. 2011च्या जनगणनेत गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे 66 टक्के आणि मराठी सुमारे 11 टक्के, पण भजनातली मराठी या 11 टक्क्यांत मावत नाही, कारण जनगणना मातृभाषा विचारते, वापर नाही. हा मुद्दा तिने स्वतःच्या शब्दात लिहिला तर उत्तर शंभरात उठून दिसेल. 1987चा गोव्याचा राजभाषा कायदा, 1992मधे कोकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, हेही जोडायचं. फक्त एक, कोकणी-मराठी वादावर आपल्याकडे लोक लगेच तापतात, पेपरात कुणाची बाजू घेऊ नको म्हणावं, कोण कुठे काय बोलतं तेवढंच लिही. क्रिओलसाठीही, म्हणजे भाषा मिसळून तयार झालेल्या आणि पुढे मातृभाषा बनलेल्या भाषेसाठीही, लांब जायला नको, रायगडात रेवदंड्याजवळ कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली भाषा लोक घरात बोलतात.

आता नोकरी. मिस्टरांची काळजी खोटी नाही, नुसत्या बीए भूगोलवर आज फार काही मिळत नाही हे मी स्पष्ट सांगते. पण बीए करतानाच जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळायचं तंत्र) आणि थोडं स्टॅटिस्टिक्स शिकली तर चित्र बदलतं, कारण नकाशा बनवणारे भरपूर मिळतात पण नकाशावर कुठल्या वस्तीत कोण राहतं, काय बोलतं, का हललं हे समजणारे कमी. एमए भूगोलनंतर प्लॅनिंगच्या (नगररचनेच्या) मास्टर्सला बऱ्याच ठिकाणी अर्ज करता येतो. भाषेचीच ओढ टिकली तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लिंग्विस्टिक्सचं एमए आहे, म्हैसूरला 1969पासून केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था आहे, तिथल्या कामांवर लक्ष ठेवायचं. यूपीएससीला भूगोल ऑप्शनल आहे आणि त्यात ह्युमन जिओग्राफी येतेच. आणि बीएड करून शिक्षिका झालीच तर त्यात कमीपणा काय आहे ताई, फक्त तो एकच रस्ता नाही एवढं मिस्टरांना सांगा.

म्हणून माझं मत, घेऊ दे तिला भूगोल. पण अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा: जीआयएसची लॅब चालू आहे का, फील्डवर्कला मुलांना खरंच बाहेर नेतात का, आणि स्टॅटिस्टिक्स घेता येतं का. लॅब नुसती कागदावर असेल तर दुसरं कॉलेज बघा, रोज बसने थोडं लांब जावं लागलं तरी चालेल.